मला धरू नका, पण खुर्ची ठेवा

शनिवारच्या कार्यक्रमाचं आमंत्रण गेलं आणि एकीकडून उत्तरादाखल अंगठा आला. नुसता अंगठा. आता याचा अर्थ काय लावायचा? येते? वाचलं? छान आहे, तुमचं चालू द्या? जिला आमंत्रण पाठवलंय तिला अंगठा पाठवून मोकळं होता येतं. जिला आरसे मोजायचे आहेत तिनं काय करायचं?

मी घरगुती पार्ट्यांमधून चेहऱ्याची क्रीम आणि लोशनं विकते. घर यजमानीणबाईंचं, पाहुण्या त्यांच्या, आरसे आणि ट्रे माझे, आणि धाकधूक दोघींची. किटात आरसे सहा असतात. प्रत्येक पाहुणीचा ट्रे आधी लावून ठेवावा लागतो. कोरड्या त्वचेला वेगळं क्लेन्झर, तेलकट त्वचेला वेगळं, आणि फाउंडेशनच्या तीन छटा, कारण पहिली कधीच जुळत नाही. ट्यूबमधून एकदा ट्रेवर काढलेलं परत आत घालता येत नाही, घालूही नये. सहाऐवजी तिघी आल्या तर तीन ट्रे पुसून टाकायचे, आणि तो सँपल माझ्या पदरचा असतो. नऊ आल्या तर तिघी जणी दुसऱ्यांचे चेहरे बघत बसतात आणि पाचव्या मिनिटाला मोबाइल काढतात. म्हणून अंगठ्यावर विसंबता येत नाही, फोन करावाच लागतो.

या फोनची एक रीत आहे. ‘येताय ना?’ असं विचारायचं नाही. त्या प्रश्नाला ‘बघते’ हे एकच उत्तर जगात आहे. विचारायचं असं : ‘तुमचा ट्रे लावायचाय, त्वचा कोरडी की तेलकट?’ बाई आपल्या गालावरून हात फिरवते आणि मनानं निम्मी तिथं येऊन बसते. नव्याण्णव वेळा चालणारी ही युक्ती काल शंभराव्या वेळी आपटली.

‘कोरडी की तेलकट? थांबा हं,’ अंगठेवाल्या बाई म्हणाल्या आणि फोन न झाकताच हाक मारली, ‘अहो! माझी त्वचा कशी आहे हो?’

आतून आवाज आला, ‘कोण विचारतंय?’

‘त्या क्रीमवाल्या बाई.’

‘जाड म्हणून सांग.’

इथं माझा फोन संपायला हवा होता. पण गृहस्थांना विषयात गोडी वाटू लागली. ‘स्पीकरवर टाक,’ म्हणाले. टाकला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, चष्मा काढल्याचा किंवा घातल्याचा आवाज, आणि मग प्रश्न.

‘मॅडम, तिथं आलं की घ्यावंच लागतं का?’

‘नाही, सक्ती अजिबात नाही.’

‘सगळ्यांनीच नाही घेतलं तर?’

‘तसंही होतं कधी कधी.’

‘मग तुमचं भागतं कसं?’

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते, पण रात्री, एकटीनं. भरदिवसा, स्पीकरवर, अनोळखी गृहस्थाच्या तोंडून ऐकायची सवय नाही. मी काहीतरी बोलले. त्यांचं समाधान झालं नाही.

‘बरं, पुढं माणसं जोडायची असतात का? तीन खाली, त्यांच्या खाली तीन?’

‘नाही हो. शनिवारी फक्त तोंड धुवायचंय.’

‘ते ती घरी धुते.’

यावर बाई हसल्या. नवऱ्याच्या विनोदाला बायको मनापासून हसली असा क्षण मी कितीतरी दिवसांनी ऐकला, तो नेमका माझ्या खर्चानं. मग त्यांनीच फोन कानाला लावला आणि निकाल दिला : ‘मी येते हो. पण मला धरू नका.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे मोजू नका. पण खुर्ची ठेवा. पाठीची ठेवा, मला खाली बसवत नाही.’

‘ताई, मोजलं नाही तर खुर्ची कशी ठेवू?’

‘एक जास्तीची ठेवायची की. आणि जाऊबाईंना आणू का? त्याही काही घेत नाहीत.’

मी हरले होते, पण सवयीनं तोंडातून गेलंच : ‘त्यांची त्वचा कोरडी की तेलकट?’

‘अहो! जाऊबाईंची त्वचा—’

‘मला काय माहीत!’ आतून आलं. एवढ्या संभाषणात गृहस्थांचा आवाज पहिल्यांदाच घाबरलेला वाटला.

फोन ठेवला तेव्हा माझ्या वहीत त्यांच्या नावापुढं काय लिहिलं होतं? प्रश्नचिन्ह. फोनआधीही तेच होतं. आता त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्नचिन्ह आलं, जाऊबाईंचं. ताकास तूर लागू द्यायची नाही आणि वर पाठीची खुर्ची मागायची, याचा मला अजून राग आहे. ‘नाही जमणार’ म्हणायला चार सेकंद लागतात. ते चार सेकंद वाचवण्यासाठी लोक दुसऱ्याची अख्खी संध्याकाळ भिजत घोंगड्यासारखी ठेवतात. नकार मिळाला तर मी ती जागा दुसरीला देऊ शकते. या धंद्यात स्पष्ट नकार देणारी बाई सोन्याची. तिला पुढच्या वेळी आधी फोन जातो, कारण ती खरं बोलते हे माहीत असतं.

ही पार्ट्यांची पद्धत काही आजची नाही. अमेरिकेत स्टॅनले होम प्रॉडक्ट्स ही कंपनी ब्रश आणि साफसफाईचं सामान अशाच घरगुती मेळाव्यांतून विकायची. ब्राउनी वाइज या बाई तिथंच विक्री शिकल्या. पुढं १९५१मध्ये टपरवेअरनं आपला माल दुकानांतून काढून घेतला आणि फक्त घरगुती पार्ट्यांवर भिस्त ठेवली, ती या बाईंच्या जोरावर. १९५४मध्ये ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर त्यांचा फोटो आला, तिथं झळकलेल्या त्या पहिल्या बाई. १९५८मध्ये कंपनीनं त्यांना काढून टाकलं. एवढं सगळं बाईंनी बघितलं, पण निळ्या दोन खुणा दिसूनही उत्तर न आलेला मेसेज त्यांना बघावा लागला नाही. तेवढ्यापुरता मला त्यांचा हेवा वाटतो.

आमच्याकडं व्हॉट्सॲप आहे, आणि त्यानं आमंत्रण सोपं झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा यादी करून पाहावी. यजमानीणबाई ब्रॉडकास्ट लिस्ट करतात. एका लिस्टमध्ये २५६ नावं मावतात, एका दमात सगळ्यांना मेसेज, काम संपलं! पण ब्रॉडकास्ट पोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच. तुमच्याकडं त्यांचा नंबर आहे, त्यांच्याकडं तुमचा नाही, अशा सगळ्या जणी गळतात. यजमानीणबाई मात्र आठवडाभर ‘कुणाला बोलायचीसुद्धा रीत उरली नाही’ म्हणत फुगून बसतात. ज्यांना मेसेज मिळालाच नाही त्यांच्यावर रुसण्यात आमचा हंगामच्या हंगाम गेलाय.

मग ग्रुप करू म्हणतात. ग्रुपमध्ये काहींना थेट घेता येत नाही, त्यांनी सेटिंग बदललेलं असतं. त्यांना लिंक जाते आणि ती ७२ तासांत बाद होते. उरलेल्यांना घेतलं की पहिल्याच तासात कुणीतरी बाहेर पडतं. पूर्वी हे सगळ्या ग्रुपला दिसायचं. २०२२पासून त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. अपमान आता खासगीत होतो, हीच काय ती सुधारणा. आणि एकीनं ग्रुपवर ‘या वेळी जमणार नाही गं’ लिहिलं की तिच्या मागोमाग पाच जणींना आपलंही जमणार नाही हे आठवतं. नकार ग्रुपमध्ये एकट्यानं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. म्हणून ग्रुप करायचाच तर होकार आलेल्यांचा करावा, पत्ता आणि वेळ कळवायला. आमंत्रण एकेकीला, तिच्या नावानं, ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ जे नेहमी म्हणता त्यात. सगळ्यांना चालेल असा मजकूर लिहिला की प्रत्येकीला तो दुसऱ्या कुणासाठी वाटतो.

मतदानाचा पर्याय असतो, त्यात कुणीतरी हमखास ‘कदाचित’ हा रकाना घालतं. घालू नका. ‘कदाचित’ दिसला की हो म्हणणाऱ्यासुद्धा तिकडं सरकतात.

वेळेचं गणित त्याहून नाजूक. तीन आठवडे आधी विचारलं तर सगळ्या हो म्हणतात, कारण तीन आठवड्यांनंतरची बाई ही त्यांच्या दृष्टीनं कुणी वेगळीच असते. चार दिवस आधी विचारलं तर सगळ्यांचं काहीतरी ठरलेलं असतं. दहा ते चौदा दिवस, हे बरं. मग दोन दिवस आधी फोन, त्वचेचा प्रश्न विचारायला. आदल्या संध्याकाळी छोटा मेसेज : मजला, बेल कुठली, गाडी कुठं लावायची. आणि संपायची वेळ. सुरू व्हायची वेळ सगळेच लिहितात, संपायची कुणी लिहीत नाही. ‘चार ते साडेपाच’ लिहिलं की होकार वाढतात, कारण बायकांना पार्टीची भीती नसते, अडकून पडायची असते. लिहिलं की मग साडेपाचला उठायचं. मी आरसे आवरायला लागते, बोलणं अर्धं असलं तरी.

सगळ्यात मोठी चूक मात्र निराळीच. यजमानीणबाईंना ‘विक्री’ हा शब्द लिहायची लाज वाटते. मी साधा मसुदा देते : ‘शनिवारी माझ्याकडं स्किन केअरचा डेमो आहे, करून बघता येईल, आवडलं तर ऑर्डर देता येईल, सक्ती नाही.’ त्या तो खोडतात आणि लिहितात : ‘खूप दिवसांत भेटलो नाही, या ना सगळ्या गप्पा मारायला!’ मग येणारी गप्पांसाठी नटून येते, दारात माझे सहा आरसे बघते आणि तिचा चेहरा असा होतो की त्यावर कुठलंच फाउंडेशन बसणार नाही. त्या नजरेचा रोख यजमानीणबाईंकडं नसतो, माझ्याकडं असतो. फसवलं त्यांनी, फसवणारी ठरले मी. पर्सची चेन तिथंच घट्ट बंद होते. पुढच्या वेळी तिला खरंच गप्पांना बोलावलं तरी ती विचारते, ‘कुणी काही विकायला येणार आहे का?’ मग अंगठे येतात यात नवल ते काय! आडून आडून बोलावलं की आडून आडून उत्तरं मिळणारच. हे मी तोंडावर सांगते, म्हणून काही यजमानीणबाईंना मी फटकळ वाटते. वाटू दे.

तसंच कॅटलॉगचं. आमंत्रणाबरोबर अख्खा कॅटलॉग पाठवू नये. पाठवला की ती घरबसल्या चाळते, किमती बघते आणि ‘काही हवं असलं तर कळवते’ म्हणून मोकळी होते. कॅटलॉग द्यायचा तो जिनं स्पष्ट ‘नाही’ म्हटलंय तिला. न येणारीची ऑर्डर आधीच आली तर ती यजमानीणबाईंच्या विक्रीत धरली जाते आणि विक्रीवर मिळणारी त्यांची भेटवस्तू एक पायरी वर सरकते. म्हणजे नकाराचंसुद्धा काहीतरी होतं. ‘बघते’चं काहीच होत नाही.

आता संख्या. सहा हव्या असतील तर अठरा ते वीस जणींना बोलवावं. तिसरा हिस्सा येतो. नावं सुचत नाहीत म्हणतात, तेव्हा मी मोठ्यानं विचारत जाते : ऑफिसातल्या? मुलांच्या शाळेतल्या आया? जिन्यातल्या? व्यायामाच्या वर्गातल्या? माहेरच्या? सासरच्या? जिच्याशी दोन वर्षं बोलणं नाही ती? या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त नावं निघतात, का ते विचारू नये.

हे सगळं यंदाच्या यजमानीणबाईंना मी समजावून सांगितलं. वीस नावं काढली, वीस मेसेज गेले, सहा जणी येणार असं दिसतंय. तर त्या म्हणतात, ‘पुढच्या वेळी एवढा खटाटोप नको. शेवटी येतात सहाच ना? मग सहांनाच बोलावू.’

सहांना बोलावलं तर येतात दोघी. त्यातली एक त्यांची सख्खी बहीण, जिची मागच्या पार्टीतली ट्यूब अजून फोडलेली नाही. आणि दुसरी खालच्या मजल्यावरची, जिला मुळात बोलावलंच नव्हतं. म्हणजे सहातली खरं तर एकच.