पेटीवर आडवा हात (काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

काका नमस्कार, हंगेरियन संगीतकार लिगेतीच्या 'अ‍ॅटमॉस्फेअर्स' या ऑर्केस्ट्राच्या रचनेवर मी पोस्ट आणि फाइल टाकली होती, त्यावरची तुमची कमेंट वाचली. 'माझा नातू पेटीवर आडवा हात टाकतो तेव्हा असंच वाजतं, त्याला काय कंपोझिशन म्हणायचं, आणि मधेच आवाज गायब, निदान फाइल तरी धड टाका.' राग नाही आला, हसूच आलं, कारण लिगेतीचं 'अ‍ॅटमॉस्फेअर्स' मी घरी पहिल्यांदा लावलं तेव्हा आई आतून ओरडली होती, तो मिक्सर बंद कर आधी.

फाइल धड आहे. तुम्ही मोबाइलवर ऐकलंत ना? चार पिकोलो (छोट्या, खूप उंच आवाजाच्या बासऱ्या) वर वर चढत जातात, कानात सुई घातल्यासारखं होतं, आणि तिथून धाडकन आठ डबल बेस (व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं वाद्य) खर्जात. तो खर्ज मोबाइलच्या स्पीकरला झेपत नाही. हेडफोन लावा, सापडेल.

आता पेटी. सुरुवातीला आडवा हातच आहे, पाच सप्तकांहून जास्त लांब, तिथे तुमचं बरोबर. पण नातवाने हात तसाच ठेवला तर काय, नुसता ठोकळा. तो आतून हलत राहिला पाहिजे आणि कोण हललं ते कळता कामा नये, सगळी मेहनत तिथेच आहे. बेसनंतर 28 व्हायोलिन, 10 व्हायोला, 10 चेलो (व्हायोलिनचेच मोठे, खालच्या आवाजाचे भाऊ) अशा 48 जणांचा कॅनन येतो, म्हणजे एकाने धरलेली ओळ दुसऱ्याने मागून धरायची, काहींनी ती आरशातल्यासारखी उलटी, म्हणजे वर जाते तिथे खाली, वाजवायची, प्रत्येकाचा कागद वेगळा. गणपतीच्या मंडपात शंभर जण आरती आपापल्या लयीत ओढतात तेव्हा बाहेर रस्त्यावर शब्द येत नाहीत, नुसता घों येतो, तसंच, फक्त इथे कोणी किती मागे राहायचं तेही लिहून दिलंय.

'कॉम्प्युटरवर दुपारभरात होईल' म्हणालात, तर मी करून बघितलंय. बारा व्हायोलिन कॉपी-पेस्ट केली, थोडी थोडी सरकवली, दाराची बेल अडकल्यासारखं वाजलं, कारण बाराही आवाज एकाच रेकॉर्डिंगचे. गंमत म्हणजे लिगेती 1957 मध्ये जर्मनीत कलोनच्या इलेक्ट्रॉनिक स्टुडिओत टेपवर आवाजांचे थर रचायचंच काम करत होता, आणि तिथून उठून तेच माणसांकडून वाजवून घ्यायला गेला! 1961 ला जर्मनीतल्याच डोनाउएशिंगेन गावी 'अ‍ॅटमॉस्फेअर्स' पहिल्यांदा वाजलं तेव्हा लोकांनी पुन्हा वाजवायला लावलं.

'चाल शोधणारे कान जुने' हे वाक्य मात्र माझं आगाऊपणाचं होतं, पोस्टमधून काढतोय, त्याबद्दल सॉरी.

आणि हो, शेवटी पियानोच्या आतल्या तारांवर ब्रश फिरतो आणि मग काही बार (आपल्या आवर्तनासारखे मोजलेले तुकडे) रिकामेच लिहिलेत. तिथे फाइल बंद पडली म्हणून परत कमेंट करू नका.