शंभरपैकी शंभर

मला जन्मापासून दिसत नाही, आणि याच पात्रतेवर मला वेबसाइट तपासायची कामं मिळतात. परवा एका पतसंस्थेच्या वेबसाइटचं आलं. बनवणारा मुलगा भलताच खुशीत होता.

"सर, ऑटोमॅटिक चाचणीत शंभरपैकी शंभर आलेत. तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

म्हटलं, टाकतो.

एनव्हीडीए चालू केलं. हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केला आणि तो आजही फुकट मिळतो. पानात जे लिहिलेलं असेल ते वाचतो, कुणाची भीड बाळगत नाही. त्याने सुरुवात केली : "फोटो. फोटो. फोटो. बटन बटन. बटन बटन."

चित्राला वर्णन आणि बटनाला नाव द्यावं लागतं, हा नियम. मुलाने तो अक्षरशः पाळला होता. प्रत्येक चित्राचं वर्णन 'फोटो', प्रत्येक बटनाचं नाव 'बटन'. चाचणीचं सॉफ्टवेअर नाव आहे की नाही एवढंच बघतं. पोराचं नाव 'पोरगा' ठेवलंत तरी त्याची काही हरकत नाही.

"अरे, यातलं पैसे पाठवायचं बटन कुठलं?"

"ते हिरवं, सर."

कर्जाच्या अटी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होत्या. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत सगळी रोमन अक्षरं नि चिन्हं. एनव्हीडीएने त्या अटी ज्या गांभीर्याने वाचल्या, त्यावरून व्याज बरंच असावं.

खरी मजा केवायसीत. 'चेहरा वर्तुळात आणा.' वर्तुळ कुठे आहे ते सांगायला मात्र कुणी नाही. बायकोला हाक मारली. "थोडं डावीकडे. अहो, तुमचं डावं! आता वर. एवढं वर नाही, नाकपुड्याच दिसतायत." कसाबसा वर्तुळात पोचलो, तर पुढचा हुकूम : 'डोळे मिचकावा.' समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, याची ही खातरजमा. हुकूमही पडद्यावर मुकाट उमटलेला, बायकोने वाचून दाखवला. मी मिचकावले. कॅमेऱ्याला पटेना. तिच्या मते मी जिवंत होतो, पण तिचं मत विचारतो कोण?

मी मुलाला सांगितलं, 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवलाय. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, असंही त्यात आहे.

तो गंभीर झाला. "मग सर, मिचकावण्याऐवजी कॅमेऱ्याकडे रोखून बघायला लावू?"

लांबलचक अहवाल पाठवला. पोरगं कामाचं निघालं, बटनांना नावं आली, अटी मराठीत बोलू लागल्या. शेवटी सहीसाठी प्रमाणपत्राची पीडीएफ आली. एनव्हीडीए म्हणालं, "एम्प्टी डॉक्युमेंट." कागद स्कॅन करून त्याचा नुसता फोटो पाठवला होता. फोन लावला.

"अरे, लिहिलंय काय यात?"

"वेबसाइट अंध व्यक्तींना सहज वाचता येते, असं लिहिलंय सर. खाली निळी फुली केलीय ना, तिथे सही करा."