काका, तुमच्या घरात मी 440 व्होल्ट सोडलेले नाहीत

नमस्कार काका. परवा तुम्ही आमच्या दुकानाला एकच स्टार दिलात आणि लिहिलंत, "गिरणीसाठी थ्री फेज कनेक्शन घेतलं, ह्यानं वायरिंग केलं. पहिल्याच दिवशी मोटार उलटी फिरवली आणि पंधरा दिवसांत घरात 440 सोडून टीव्ही-फ्रिज जाळले. बेळगावात ह्याला कुणी बोलवू नका."

मोटार उलटी फिरली ती चूक माझीच. माफ करा. पट्टा काढून आधी नुसती मोटार फिरवून बघायला पाहिजे होती, घाईत ते राहिलं. स्टार्टरवर तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केल्यावर ती सरळ झाली, त्याचे पैसे मी धरले नाहीत. टीव्ही-फ्रिज गेल्याचंही वाईट वाटतं, बारशाच्या घरात असं व्हायला नको होतं.

पण "440 सोडले" हे मला फार लागलंय. उद्यमबागेत बारा वर्षं मशीनशॉपच्या पॅनेलवर काम केलं, मग शहापुरात हे दुकान टाकलं. माझ्याकडं दोन पोरं कामाला आहेत. काल वडगावच्या एका मागवाल्यांचा फोन आला, त्यांचं काम ठरल्यातच जमा होतं. पहिलाच प्रश्न, "440 सोडणारे तुम्हीच काय?" म्हणून जरा सविस्तर लिहितो, तेवढं वाचा.

थ्री फेज म्हणजे घरात 440 नव्हे. लाल, पिवळा, निळा असे तीन फेज, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरी, येतात आणि सोबत परतीची एक वायर, काळा न्यूट्रल. कुठलाही एक फेज आणि न्यूट्रल ह्यांच्यात 230 व्होल्टच असतात, सिंगल फेजच्या घरात असतात तेवढेच. तुमचा हॉल निळ्यावर, बाथरूम आणि गिझर लालवर, आणि पिवळ्यावर मोटारीशिवाय काहीच नाही. दोन फेजांच्या मध्ये मोजलं तर 400 च्या आसपास मिळतात. 230 आणि 230 मिळून 460 होत नाहीत, कारण तिन्ही फेज एकाच वेळी वर चढत नाहीत, एकामागोमाग एक तृतीयांश फेऱ्याच्या अंतरानं चढतात. म्हणून 230 ला 1.732 नं गुणायचं, 398 येतात. जुन्या हिशेबात 240 धरायचे, त्याचे 415 व्हायचे. तुमच्या मोटारीच्या पाटीवर 415 आहे ते त्यामुळंच. 440 हा आकडा धोक्याच्या पाट्यांवरून लोकांच्या तोंडात बसलाय.

मग टीव्ही कशानं गेला? न्यूट्रल सुटला म्हणून. त्या रात्री फोनवर तुम्हीच काय सांगितलंत ते आठवा: "हॉलमधला बल्ब पांढराफटक पेटलाय आणि बाथरूममधला विझल्यासारखा मिणमिणतोय." मी ताबडतोब मेन खाली करा म्हणालो ते ह्यासाठीच. मी न्यूट्रलच्या जागी फेज जोडून सगळीकडं जास्त व्होल्टेज दिलं असतं, तर बाथरूमचा बल्बसुद्धा पांढरा व्हायला पाहिजे होता. तो मंद झाला, कारण न्यूट्रल गेल्यावर हॉल आणि बाथरूम एकापुढं एक जोडल्यासारखे होतात आणि दोघांत मिळून 400 वाटून घ्यावे लागतात. वाटणी सारखी होत नाही. गिझर 2000 वॅटचा, त्याला अडथळा कमी, म्हणून त्याच्या वाट्याला थोडे येतात. हॉलमध्ये हलका लोड, तिथं जवळजवळ सगळे जाऊन बसतात.

मी आलो तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते, बाहेर पाऊस. टीव्ही-फ्रिजचे पिन काढले, हॉलच्या पॉइंटला माझा 200 वॅटचा बल्ब लावला, गिझर चालू ठेवला आणि दोन सेकंद मेन वर केला. मीटर तुमच्या मुलाच्या हातात होता. हॉलकडं 352, गिझरकडं 47. बेरीज करा, 399 होते.

तुम्ही तेव्हा म्हणालात, "टेस्टर तर सगळीकडं पेटतोय, खाली गिरणपण चालली होती, मग लाईनीत दोष कसला?" टेस्टर फक्त व्होल्टेज आहे की नाही ते सांगतो, किती आहे ते सांगत नाही. न्यूट्रल सुटलेला असला तर काळ्या वायरीवरसुद्धा पेटतो. आणि मोटारीला न्यूट्रल लागतच नाही, ती तीन फेजांवर चालते. घरातला न्यूट्रल सुटला तरी तिला पत्ता लागणार नाही.

आता न्यूट्रल सुटला कसा? मी काम संपवताना प्रत्येक स्क्रू आवळतो आणि त्याच्यावरून खालच्या पट्टीपर्यंत लेकीच्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढतो. स्क्रू हलला की रेघ तुटते. तुमच्या बोर्डात फेजच्या तिन्ही स्क्रूंवर रेघ अखंड होती. न्यूट्रलच्या स्क्रूवर ती अर्धा फेरा फिरलेली, आणि काळ्या वायरीचं टोक जळून तपकिरी झालेलं. बारशाच्या माळा लावायला मंडपवाल्याच्या पोरानं बोर्ड उघडून तिथंच आपली वायर घातली होती, आणि जाताना आमची वायर हातानंच आवळली, हे वहिनींनी माझ्यासमोर सांगितलं. मी त्या पोराला दोष देत नाही, त्याला माहीत नसेल. पण त्याला बोर्ड उघडायला कुणी दिला, तेवढं तुम्ही लिहायला पाहिजे होतं काका. एक फोन केला असता तर मी येऊन माळांची लाईन फुकट काढून दिली असती.

त्या रात्रीचे 600 रुपये घेतले, त्यात नवीन न्यूट्रल लिंक, म्हणजे काळ्या वायरी जोडायची पट्टी, आली. महाग वाटले असतील तर दुकानात या, बोलू.

यापुढं थ्री फेजच्या घरात व्होल्टेज वाढलं की आपोआप बंद करणारं यंत्र बसवायचा आग्रह धरणार आहे, खर्च थोडा वाढेल. बोर्डावर मराठी आणि कन्नडमध्ये सूचनाही चिकटवायचं चाललंय. पट्टा काढून मोटार बघायची हे पोरांना सांगून झालंय. फ्रिज माझ्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला दाखवतो, बहुतेक आतलं कार्डच गेलं असेल, जमेल तेवढ्या कमीत करून देतो.

तुम्ही स्टार बदला असं मी म्हणणार नाही. फक्त "440 सोडले" एवढं वाक्य काढलंत तर उपकार होतील. आणि पुढच्या महिन्यात तुमच्याकडं सत्यनारायण आहे म्हणे, माळा लावायच्या असतील तर आदल्या दिवशी मला फोन करा.