भाषांतर केलं की चाचणी चिनी झाली?

'मुलांची शारीरिक साक्षरता मोजणाऱ्या परदेशी चाचण्या चिनी मुलांसाठी बसवून घेण्यात संशोधक उगाच वर्षं घालवतात. धावणं-उड्या जगभर सारख्याच; चांगला भाषांतरकार गाठा, आठवड्यात काम होईल.' हा दावा बराच फिरतोय, आणि ऐकताक्षणी पटतोही. (शारीरिक साक्षरता म्हणजे हालचाल करता येणं, ती करायची आवड आणि आत्मविश्वास असणं, आणि तिचं महत्त्व कळणं.)

धावणं सारखंच, हे मान्य. कॅनडाच्या 'कॅपल-२' चाचणीतला प्लँक (कोपरं आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ धरून ठेवणं) ओटावात आणि शांघायमध्ये एकच. पण १०० पैकी शारीरिक क्षमतेला गुण फक्त ३०. रोजच्या हालचालीला ३०, प्रेरणा आणि आत्मविश्वासाला ३०, समजुतीला १०. शिवाय कोण पुढे, कोण मागे हे ठरतं ८ ते १२ वर्षांच्या कॅनडातल्या मुलांच्या आकड्यांवरून. हाँगकाँगच्या मुलीला तीच पट्टी लावायची का, हे भाषांतरकार कसं सांगणार?

'मग चित्रांची चाचणी घ्या, भाषेची कटकटच नको.' ऑस्ट्रेलियाच्या 'पीएल-सी क्वेस्ट'मध्ये सशांची चित्रं आहेत: एका सशाला जमतंय, दुसऱ्याला नाही, मी कोणासारखा आणि किती, हे मुलानं सांगायचं. प्रश्न ३०, शारीरिक साक्षरतेच्या तिथल्या राष्ट्रीय आराखड्यातल्या ३० घटकांसाठी एकेक. तोल, वेग, चपळाई चित्रात सहज येतात. पण त्याच यादीत 'जागेशी नातं' आणि 'समाज व संस्कृती'ही आहेत! चित्रातली जागाच ओळखीची नसेल, तर उंच इमारतीत वाढणारं मूल उत्तर कशाचं देतंय?

आणि भाषेची कटकट काही सुटत नाही. लहान मुलांना प्रश्न वाचून दाखवावे लागतात. हाँगकाँगमध्ये बोलणं कॅन्टोनीज, पुस्तकातली चिनी त्याहून वेगळी, लिपी पारंपरिक. चीनच्या मुख्य भूमीवर सुलभ लिपी आणि शाळेत मँडरिन. म्हणून आधी भाषांतर, मग दुसऱ्याकडून उलट भाषांतर (चिनीतून परत मूळ भाषेत), मग मुलांनाच विचारायचं, 'यातून तुला काय कळलं?' त्यानंतर तीच चाचणी काही दिवसांनी पुन्हा घेऊन उत्तरं टिकतात का ते बघायचं. वेळ जातो तो इथे.

'चीनमध्ये शाळांत शारीरिक चाचणी आहेच की.' आहे. २०१४ साली सुधारलेले राष्ट्रीय निकष आहेत: फुप्फुसांची क्षमता, ५० मीटर धाव, दोरीवरच्या उड्या. प्राथमिक शाळेत या उड्यांवर २० पर्यंत जादा गुणही मिळवता येतात. पीटीच्या तासाला रांगेत उभं राहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पण उड्या मारायला मुलाला आवडतं का, याला त्यात एकही गुण नाही.