मानोलो, मामा आणि माझी जूनमधली पोस्ट

काल रात्री फातोर्ड्याच्या स्टेडियमवरून फोंड्याला घरी पोचायला पाऊण वाजला. घसा पार बसलाय. सुपर कप फुटबॉलची फायनल. एकशेवीस मिनिटांत गोल नाही, ०-०, आणि मग आपल्या एफसी गोवाने पेनल्टीवर ईस्ट बंगालला ६-५ ने हरवलं. माझ्या मागच्या रांगेतले एक काका प्रत्येक पेनल्टीला मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. तोंडाने फक्त देवाचं नाव, "दामबाबा, दामबाबा". काय झालं ते लोकांच्या आवाजावरून कळायचं त्यांना. शेवटी आख्खं स्टॅन्ड उडालं तेव्हाही त्यांनी आधी मलाच विचारलं, "आपलोच मरे?" आपलाच ना रे?

सलग दुसरा सुपर कप. एकूण तिसरा. असा आनंद उशाला घेऊन झोपलो आणि सकाळी चाहत्यांचा ग्रुप उघडला तर आपल्या कोचबद्दल, मानोलो मार्केझबद्दल, आपल्यातल्याच एका शहाण्याचा मेसेज: "देशाची वाट लावून आला आणि इथे कप घेऊन नाचतोय. संपलेला कोच."

खाली अकरा जणांचे हसरे चेहरे. त्यातले चार तरी काल माझ्या शेजारी बसून मानोलोच्या नावाने ओरडत होते.

ग्रुपवर भांडायचं नाही असं बायकोला वचन दिलंय, म्हणून इथे लिहितोय.

आकडे मलाही माहीत आहेत. मानोलो मार्केझ भारताचा कोच असताना आठ मॅच, एक विजय, चार ड्रॉ, तीन पराभव. पहिलीच मॅच हैदराबादला मॉरिशसशी ०-०. मग सीरियाकडून ०-३. जिंकलो ते फक्त मालदीवशी, शिलाँगला, ३-०. बांगलादेशाशी ०-०. थायलंडकडून ०-२, आणि १० जूनला हाँगकाँगमध्ये इंज्युरी टाइमला पेनल्टी देऊन ०-१. वाईट आहे. खूप वाईट आहे. ठीक?

आता माझ्या मामाची गोष्ट सांगतो. जुने मित्र म्हणतील झालं याचं सुरू, पण सांगतो.

मामाचं फोंड्यात छोटं हाटेल आहे, सहा टेबलांचं. सकाळी सात ते अकरा पातळभाजी, सुकी भाजी, मिरची आणि अळसांद्यांचं, म्हणजे मोठ्या चवळीचं, तोणाक. अकरानंतर गेलात तर फक्त चहा. अळसांदे रात्री तो स्वतः भिजत घालतो, पहाटे स्वतः बोटाने दाबून बघतो. नारळ स्वतः फोडतो आणि त्यातलं पाणी उभ्या उभ्या पितो. तोच त्याचा नाश्ता. हाताखालची दोन पोरं इतकी जुनी की मामाने मान नुसती वळवली तरी गॅस बारीक होतो. दहा-अकरा वर्षांपूर्वी किनारपट्टीवरच्या एका मोठ्या हॉटेलवाल्याने ते तोणाक खाल्लं आणि मामाला बोलावलं. आधी फक्त शुक्रवार ते रविवार, इथलं हाटेल सांभाळून. मग म्हणाले, कायमचेच या. पगार असा की मामी दोन दिवस तो आकडा शेजारणींना सांगत होती.

सात महिन्यांत परत आला.

मानोलोचं वेगळं काय झालं? जुलै २०२४ मध्ये भारतीय फुटबॉल फेडरेशनने त्याला भारताचा कोच केलं तेव्हा तो आपला कोच होताच. एक वर्ष दोन्ही सांभाळ म्हणाले. आठवडाभर तिकडे कॅम्प, मग इकडे इंडियन सुपर लीग. तरी त्या वर्षी आपण लीगमध्ये दुसरे आलो! मे महिन्यात भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० ने लोळवून सुपर कप आणला आणि मग तो पूर्णवेळ देशाचा झाला. महिनाभरात हाँगकाँग. जुलैच्या सुरुवातीला संपलंसुद्धा, आणि तो परत आपल्याकडे आला. दोन होड्यांवर पाय ठेवायला सांगणारे कोण, ते कुठे आहेत आता? त्यांच्याबद्दल नाही कोणी हसरे चेहरे टाकत.

हो, त्याने नाही म्हणायला हवं होतं. झालं, म्हटलं.

पण मुळात तो रोजचा कोच आहे हो. काल माझ्याबरोबर बसलेल्यांना हे मी समजावायचं? आपल्याकडे यायच्या आधी हैदराबाद क्लबला त्याने काय केलं होतं? आपल्या दवर्लीचा लिस्टन कुलासो, आकाश मिश्रा, ही पोरं त्याच्याकडे रोज सकाळी घासून घासून मोठी झाली. मार्च २०२२ ची लीगची फायनल आठवा, आपल्याच फातोर्ड्यावर. केरला ब्लास्टर्स एक गोलने पुढे, मैदान सगळं पिवळं, आणि शेवटच्या मिनिटांत गोल कोणी केला? साहिल ताव्होराने. गोंयकाराने. मग पेनल्टीवर हैदराबाद चॅम्पियन. इथे आपला ब्रायसन फर्नांडिस बघा, २०२४-२५ च्या मोसमातला लीगचा सर्वोत्तम उगवता खेळाडू. ही पोरं काही आठ दिवसांच्या कॅम्पमध्ये तयार झाली नाहीत.

देशाच्या कोचला मिळतात आठ-दहा दिवस, तेही दुसऱ्यांनी दमवून पाठवलेले खेळाडू. स्ट्रायकर द्या म्हटलं तर आहे कुठे? प्रत्येक क्लब पुढे परदेशी उभा करतो. आपलाही करतो, मी काही डोळे मिटून बसलेलो नाही. आपली पोरं कडेने पळणार नाहीतर बेंचवर. शेवटी चाळीस वर्षांच्या छेत्रीला निवृत्तीतून परत आणावं लागलं. त्यावरूनही शिव्या मानोलोलाच.

मामाला नंतर कधीतरी विचारलं होतं, नक्की काय झालं तिकडे? तो पटकन बोलणारा माणूस नाही. म्हणाला, अळसांदे दुसराच कोणी भिजवायचा. कधी दोन तास, कधी दोन दिवस. खोबरं किसलेलं, बर्फातलं, पाकिटातून यायचं. हाताखालची पोरं दर शिफ्टला वेगळी, नावं कळेपर्यंत बदलायची. डोक्यावर ती उंच पांढरी टोपी, ती सारखी चिमणीला लागायची. सहाव्या महिन्यात पाहुण्यांच्या वहीत कोणीतरी लिहिलं की तोणाक बेचव आहे, आणि मॅनेजरने ते पान त्याला आणून दाखवलं. मामा म्हणाला, "खरंच होतं ते. पण तें रांदप म्हजें न्हय."

ते रांधप माझं नव्हे.

मला सांगा, हाँगकाँगची ती टीम मानोलोची होती?

बरं, तो गेल्यावर काय दिवे लागले? त्याच्या जागी भारताचा कोच झालेल्या खालिद जमीलवर माझा राग नाही. भला माणूस, काफा नेशन्स कपात ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला तेव्हा मीही नाचलो. पण ऑक्टोबरमध्ये सिंगापूरची मॅच फातोर्ड्यावरच झाली. मी होतो. छांगतेने गोल केला आणि वाटलं आज होतंय. १-२ हरलो, आशिया कपला जायची संधी गेली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१. म्हणजे आता खालिदही संपला का? की प्रत्येक वेळी टोपी घातलेलाच दोषी, आणि अळसांदे भिजवणाऱ्याचं नावसुद्धा कोणी घ्यायचं नाही?

आज आठ डिसेंबर २०२५ आहे, मंडळी. पणजीत चर्चचं फेस्त आहे आणि तिकडे लीग चालवणाऱ्यांशी फेडरेशनचा पंधरा वर्षांचा करार आज संपतोय. नव्या टेंडरला एक बोली आली नाही. एकही नाही! डिसेंबर उजाडला तरी लीगचा पत्ता नाही, पोरं घरी बसून धावताहेत, आणि आपल्या ग्रुपवर चर्चा कशाची, तर मानोलो संपला का. अरे, लीगच संपायला आलीय. जाऊ दे, रक्तदाब वाढतो माझा.

दूध आणायला जाऊन आलो. थोडा शांत झालोय.

त्याचं पुढे काय, हा प्रश्न बाकी खरा आहे. सत्तावन्न वर्षांचा आहे. आशियातल्या क्लबांच्या मॅचेसमध्ये आपण मार खातोय, तेही मान्य, फक्त सौदीच्या अल नस्रविरुद्ध ब्रायसनने गोल केला तेव्हाचा आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. (रोनाल्डो आला नाही ते बरंच झालं, निम्मं स्टेडियम त्यालाच बघत बसलं असतं.) लीग झाली नाही तर हा माणूस इथे राहील कशाला? स्पेनला परत गेला तर तिकडे कोण विचारणार, भारतात आठ मॅचमध्ये एक जिंकलेल्या कोचला? मी झोपेत पण हाच विचार करतो. मग आठवतं, २०१७ मध्ये स्पेनमधल्या लास पाल्मास क्लबच्या मोठ्या टीमवरही तो काही आठवडेच टिकला होता. तेव्हाही तिकडच्या एखाद्या शहाण्याने लिहिलं असेलच, संपलेला कोच. त्यानंतर हैदराबाद झालं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात दोनदा हरलेला माणूस आहे हा. आपल्या चुलीवर मात्र त्याला हरवायला इंज्युरी टाइम लागतो.

तोही लागतो म्हणा कधीकधी. एप्रिल २०२४, मुंबई सिटी, नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण २-० पुढे, आणि ३-२ हरलो. त्या रात्री बोरीच्या पुलावर गाडी थांबवून मी खाली नुसता नदीकडे बघत उभा होतो. पण तेव्हा नाही म्हटलं कोणी संपला.

आता एक कबुली, कारण ती दिली नाही तर वर लिहिलेलं सगळं ढोंग ठरेल.

मामा परत आला त्या दिवशी मी हाटेलात होतो. कदंबाच्या बसमधून उतरला, एक बॅग आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली करवंटीची दवली, म्हणजे पळी. ती दवली त्याने तिकडे नेली होती, हे मला तेव्हा कळलं. कोपऱ्यातल्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "आलं रे पंचतारांकित! टोपी खंय?" सगळे हसले. मीपण हसलो. कॉलेजात होतो, मोठ्यांच्या टेबलावर बसायला मिळालेलं, हसायला हवंच होतं. मामाने मान खाली घालून दवली धुतली आणि खिळ्याला अडकवली. मग कोणीतरी म्हणालं, झेपत नव्हतं तर गेला कशाला.

मघाशी त्या शहाण्याला उत्तर देण्यासाठी मी माझ्याच जुन्या पोस्ट चाळत होतो, मानोलोची बाजू घेतलेली एखादी सापडेल म्हणून. सापडली ती १० जूनच्या रात्रीची. हाँगकाँगच्या पेनल्टीनंतर अर्ध्या तासात लिहिलेली. तीन ओळी. पहिल्या दोन इथे परत लिहिण्यासारख्या नाहीत. तिसरी: "झेपत नव्हतं तर घेतलं कशाला?"

छत्तीस लाइक. त्यात मामाचा एक. तो माझ्या सगळ्याच पोस्टना लाइक करतो, वाचून की न वाचता, मी कधी विचारलं नाही.

साडेनऊ वाजलेत. ऑफिसला आज उशीर झालाच आहे, तर आधी हाटेलात जातो. अकराच्या आत पोचलो तर तोणाक मिळेल. मामाला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण काल रात्री माझा मेसेज बघून त्याने एवढंच विचारलं होतं, "तो तुमचो स्पॅनिश परत आयला तोच मरे हो?"

हो म्हणून सांगायचं राहिलंय.