शंभर मिलिलिटरचा समुद्र

शनिवार-रविवार विमानाने समुद्रावर जाऊन यावं, ही कल्पना गुरुवारी रात्री फार देखणी दिसते. विमान तासाभरात पोचवतं, मग अडचण कसली? अशा वेळी मी कागद-पेन्सिल पुढे सरकवतो. शनिवारी पहाटे ५ ला घर सोडलं, रविवारी रात्री ११ ला परत आलो, म्हणजे हातात ४२ तास. आकाशातला तास एकच; पण त्याच्या आधी दोन तास विमानतळावर, त्याच्या आधी तिथवर जायला एक, आणि उतरल्यावर सामानाचा पट्टा नि टॅक्सी धरून आणखी एक. जाऊन-येऊन दहा गेले. झोपेचे आठ. उरलेल्या चोवीस तासांत खाणं, रांगा, 'माझा चार्जर कुणी घेतला' आणि अंगावर घेऊ नये असलं दुपारचं ऊन. निव्वळ समुद्र सहा तास निघाला तरी मी सहल पास करतो.

त्यात हॉटेलचा दिवस २१ तासांचा. दुपारी २ ला खोली देतात, दुसऱ्या दिवशी ११ ला काढून घेतात. आपण पोचतो सकाळी १० ला. रिसेप्शनवाले सामान आनंदाने ठेवून घेतात, फक्त पोहण्याचे कपडे त्या सामानात सगळ्यात तळाशी असतात. मग लॉबीच्या मधोमध बॅग उघडून, अख्ख्या खानदानाची अंतर्वस्त्रं बाजूला सारत शोधमोहीम. पोहण्याचे कपडे, टॉवेल, चप्पल आणि सनस्क्रीन एका वेगळ्या पिशवीत, ती पिशवी बॅगेत सर्वात वर. एवढं केलं तर चार तास वाचतात.

सनस्क्रीन म्हटलं की माझा आवाज चढतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीला आला, आणि तेव्हापासून जगभर हातातल्या सामानातल्या द्रवांना, म्हणजे सनस्क्रीनलाही, १०० मिलिलिटरचा नियम आला. काही ठिकाणी नव्या यंत्रांमुळे तो सैल झालाय, काही देशांत अंतर्गत विमानांना तो तसा लावत नाहीत. पण जाताना मिळालेली सूट येताना मिळेलच असं नाही. आणि नियम बाटलीच्या मापाला आहे, आतल्या ऐवजाला नाही. २०० च्या बाटलीत तळाला ३० उरलं असलं, तरी ती २०० चीच बाटली.

आता दुसरीकडचा हिशोब बघा. डब्यावरचा एसपीएफचा, म्हणजे सनस्क्रीन ऊन किती अडवतं त्याचा, आकडा प्रयोगशाळेत मोजतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला हा थर द्यायचा तर ३० ते ३५ मिलिलिटर लागतात, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. उन्हात जाण्याआधी १५-२० मिनिटं लावायचं, मग दर दोन तासांनी पुन्हा, आणि पाण्यातून आलं की घड्याळ न बघता पुन्हा. म्हणजे १०० ची ट्यूब एका माणसाला तीनदा पुरते. चौघांच्या कुटुंबाला पहिल्याच थराला १२० लागतात! म्हणून घराघरांत काय चालतं, तर एका ट्यूबमध्ये चौघं दोन दिवस. देवाच्या तीर्थासारखं तळहातावर थेंबभर. नाव एसपीएफ ५०, अंगावर त्याची नुसती आठवण.

शिवाय लावतात ते चुकीच्या ठिकाणी. गाल, नाक, दंड यांना तीनतीनदा. कानांच्या पाळ्या, केसांचा भांग, गुडघ्यामागची लवण आणि पावलांचा वरचा भाग यांना कुणी वाली नाही. पावलं तर हमखास भाजतात, कारण आरामखुर्चीत लवंडलेल्या माणसाची छत्री गुडघ्यांपाशी संपते. दुसऱ्या दिवशी चपलेच्या पट्ट्याची नक्षी उमटलेली असते, पट्टा काढला तरी पायात राहणारी. आणि छत्रीखाली बसलोय म्हणजे सुटलो, असंही नाही. कोरडी वाळू अंगावर येणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के वर परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्के. हनुवटीखालून भाजलेला माणूस दिसला की समजावं, हा दिवसभर सावलीत बसला होता.

ही ट्यूब विमानात उघडू नये. केबिनमधला हवेचा दाब जास्तीत जास्त २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरू देतात. त्यामुळे चिप्सचं पाकीट उशीसारखं फुगतं, आणि ट्यूबमधली हवाही फुगून झाकण उघडायची वाट पाहत बसते. उपाय सोपा आहे: निघताना ट्यूब उभी धरून, दाबून आतली हवा काढायची आणि दाबलेल्या अवस्थेतच झाकण लावायचं. नाहीतर पहिला थर शेजारच्या प्रवाशाला.

बरं, भूक लागते. वाळूत टेबलं मांडलेलं, चप्पल घालून गेलं तरी कुणी हटकत नाही असं ठिकाण आपण निवडतो, आणि जेवायला जातो नेमके दुपारी अडीचला. जमीन तापून वरची हवा चढलेली असते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो, आणि या वाऱ्याचा जोर दुपारीच असतो. नॅपकिन उडतो, मग मेन्यू उडतो, मग वाळू जेवायला येते. वाऱ्याकडे पाठ करून बसावं आणि ताट आपल्या सावलीत घ्यावं. समुद्राचं दृश्य जातं, पण दात वाचतात.

प्लास्टिकची खुर्ची वाळूत मागेच कलते, कारण माणूस मागेच रेलतो. मागच्या दोन पायांखाली एकेक चप्पल आडवी ठेवली की खुर्ची शुद्धीवर येते. डुगडुगणाऱ्या चौरस टेबलाचंही औषध आहे. चारही पाय सारखे असतील आणि दोष निव्वळ उंचसखल जमिनीचा असेल, तर टेबल जागच्या जागी फिरवत न्यावं; पाव फेऱ्याच्या आत कुठेतरी चारही पाय टेकतात. हे गणितात सिद्ध झालेलं आहे. वाळूत मात्र गणित नको, टेबलावर नुसतं दाबायचं.

आणि मासा. इथे पुन्हा तो शंभर आडवा येतो, कारण अख्ख्या माशाचा दर मेन्यूत १०० ग्रॅमला छापलेला असतो. आकडा गरीब दिसतो. वेटर ट्रेमध्ये मासा दाखवून जातो, आपण कौतुकाने मान डोलावतो, आणि मान डोलावणे हीच ऑर्डर असते. मान स्थिर ठेवून दोन प्रश्न विचारा: वजन किती, आणि ते साफ करण्याआधीचं का? ते आधीचंच असतं. डोकं, कल्ले, आतडी, काटे जाऊन खाण्याजोगं जेमतेम अर्धं उरतं. किलोचा मासा चौघांत म्हणजे माणशी सव्वाशे ग्रॅम आणि बिल चार माणसांचं.

वाळूबद्दल एकच सांगतो, ओली असताना झटकू नका. कणांमधलं पाणीच तिला कातडीला धरून ठेवतं. ती सुकू द्या, आपोआप गळते. घाई असेल तर टाल्कम पावडर चोळा, ती ओल शोषते. बहुतेक लोक ओलेतेच टॉवेलने खसाखसा पुसतात आणि सॅंडपेपर स्वतःच्या हाताने चालवतात.

रविवारी ११ ला खोली जाते, म्हणजे शेवटची आंघोळ साडेदहाला आणि शेवटचा समुद्र त्याच्या आधी. टॉवेल वाळायला वेळच नाही. ७० बाय १४० सेंटिमीटरचा बरा टॉवेल कोरडा अर्धा किलो. पिळला तरी जवळजवळ तेवढंच पाणी धरून बसतो. चार टॉवेल म्हणजे दोन किलो समुद्र, आणि हातातल्या बॅगेला विमान कंपनीने बऱ्याचदा दिलेले असतात ७ किलो. त्यात शनिवारचं भाजणं याच सुमारास रंगात येतं, कारण उन्हाचा चटका १२ ते २४ तासांनी कळसाला जातो. बॅगेचा पट्टा नेमका तिथेच बसतो.

शनिवारी दुपारी ट्यूब संपली म्हणून किनाऱ्यावरच्या दुकानातून घेतलेली मोठी बाटली अजून अर्धी भरलेली असते. अर्धी म्हणजे १०० मिलिलिटर. पण बाटली २०० ची. टाकवत तर नाही. म्हणून रात्री साडेसातला, सिक्युरिटीच्या रांगेत, ट्यूबलाइटच्या उजेडात एक अख्खं कुटुंब एकमेकांच्या लाल मानांना सनस्क्रीन चोळत उभं असतं, आणि थर प्रथमच बरोबर २ मिलिग्रॅमचा बसतो.