खेळात राजकारण कोणी आणलं?

आमच्या हेलसिंकीतल्या मराठी ग्रुपवर आज सकाळी एकाने शहरातल्या पासिला भागातल्या अरेनाचा, ते बंद होतं तेव्हाचा, फोटो टाकला आणि खाली लिहिलं की योकेरितने उगाच भावनेच्या भरात रशियन लीग सोडली, एवढा मोठा आइस हॉकी क्लब मातीत घातला, खेळात राजकारण आणू नये ते यासाठीच. त्यावर भराभर अंगठे पडले. ग्रुपवर भांडायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून इथे लिहितेय. आणि चांगलं लांबलचक लिहिणार आहे.

राजकारण आणू नये म्हणे. आणलं कोणी? २०२२ मध्ये लीग सोडणाऱ्यांनी, की २०१३ मध्ये क्लब विकणाऱ्यांनी?

मला हॉकीतलं काही कळत नव्हतं. जे कळलं ते शेजारच्या आजोबांमुळे. पूर्व हेलसिंकीत आमच्या मजल्यावर समोरच्याच दारात राहतात. २०१३-१४ च्या हिवाळ्यात एकदा त्यांनी आपला लाल-निळा मफलर माझ्या गळ्यात घातला आणि मला योकेरित विरुद्ध एचआयएफकेची मॅच दाखवायला नेलं. एकाच शहरातले दोन क्लब. एचआयएफके १८९७ पासूनचा, जुन्या स्वीडिश भाषक घरांमधला. योकेरित म्हणजे पूर्वेकडच्या वस्त्यांचा, आजोबांसारख्यांचा. एरवी लिफ्टमध्ये चकार शब्द न बोलणारा हा माणूस तिथे गळा फाटेपर्यंत ओरडत होता. पुढे योकेरित केएचएल या रशियन लीगमध्ये गेला आणि ऑफिसातून त्याच्या एका मॅचची दोन फुकट तिकिटं मिळाली, तेव्हा मी आनंदाने त्यांचं दार वाजवलं. त्यांनी तिकिटं पाहिली, मान हलवली, मला आत बोलावून कॉफी दिली आणि म्हणाले, "तू जा. मी नाही येणार. तो आता माझा क्लब नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही.

'तो क्लब' म्हणजे काय ते ग्रुपवरच्यांना ठाऊक तरी आहे का? १९६७ मध्ये तोल्यो भागातल्या एका क्लबचा हॉकी विभाग कर्जात बुडाला होता. आयमो मॅकिनेन नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने तो घेतला आणि पत्त्यांतला जोकर चिन्ह म्हणून लावून योकेरित उभा केला. हौशी खेळाडूंच्या त्या जमान्यात याने व्यावसायिक पद्धतीने संघ बांधायला घेतला. लोकांनी नाकं मुरडली. १९६९ मध्ये संघ वरच्या श्रेणीत पोचला आणि १९७३ मध्ये देशाचा विजेता झाला. आजोबा तेव्हा पंचविशीतले. त्या रात्रीबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजूनही बदलतो.

मग वाईट दिवस आले. ऐंशीच्या दशकात संघ खालच्या श्रेणीत घसरला, दिवाळखोरीच्या काठावर आला. जुने लोक म्हणतात की मॅचला जायचं ते एकमेकांना धीर द्यायला. त्यातून १९९२ चं विजेतेपद आलं! त्या संघात तेमू सेलॅने होता, याच क्लबच्या पोरांमध्ये वाढलेला. हॉकी खेळता खेळता तो बालवाडीत शिकवायचा. त्याच वर्षी तो कॅनडात विनिपेगला गेला आणि पहिल्याच मोसमात त्याने ७६ गोल केले. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमध्ये नवख्या खेळाडूचा तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. त्याच्या आधी यारी कुर्री इथूनच एडमंटनला गेला होता, पाच वेळा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. १९९४, ९६, ९७, २००२ अशी आणखी विजेतेपदं आली, दोनदा युरोपियन कप आला. आजोबांच्या घरात यातलं एकही छायाचित्र भिंतीवर नाही. ते सगळं पाठ आहे त्यांना.

हे चांगले दिवस ह्यालिस हार्किमोने आणले, हे मान्य. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केलेला माणूस. नव्वदच्या सुरुवातीला त्याने क्लब घेतला, सावरला, १९९७ मध्ये पासिलाला तेरा हजारांवर प्रेक्षकांचं हार्टवॉल अरेना उभं केलं. तो नसता तर क्लब कदाचित उरला नसता. पण देवळाचा जीर्णोद्धार केला म्हणून देव विकायचा हक्क मिळतो का?

जून २०१३ मध्ये त्याने जाहीर केलं की अरेना विकलं, क्लबचा ४९ टक्के हिस्साही दिला आणि योकेरित पुढच्या वर्षी फिनिश लीग सोडून रशियाच्या केएचएलमध्ये जाणार. घेणारे कोण? गेनादी तिमचेन्को आणि रोटेनबर्ग बंधू. पुतिनच्या आतल्या वर्तुळातले लोक. त्यांच्यातल्या काहींकडे फिनिश नागरिकत्व होतं. असेल, म्हणून पैशाचं मूळ बदलत नाही. मार्च २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळला आणि अमेरिकेने याच तिमचेन्को-रोटेनबर्गवर निर्बंध लादले. तरी सप्टेंबरमध्ये योकेरित ठरल्याप्रमाणे केएचएलमध्ये खेळायला उतरला. फिनिश लीगमधली त्याची जागा वासा शहरातल्या 'स्पोर्ट' नावाच्या क्लबला मिळाली. झालं, एचआयएफकेशी होणारी शहरातली ती डर्बी संपली. मेट्रोने मॅचला जाणाऱ्या माणसाला आता प्रतिस्पर्ध्याचं गाव नकाशात शोधावं लागणार होतं, व्लादिवोस्तोक, खबारोव्स्क.

मित्रा, राजकारण तेव्हा आलं! करारावर सह्या झाल्या तेव्हा. तेव्हा तुझ्यासारखे सगळे म्हणाले, अरे वा, मोठी लीग, मोठा पैसा.

हॉकी चांगला होता हे मी नाकारत नाही, अरेना भरायचंही. मी त्या फुकट तिकिटांवर गेले होते, खेळ वेगवान होता. पण माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि ती कोणाची होती ते मला माहीत होतं.

आजोबांना रशियन माणसांचा राग आहे असं कोणी समजू नका. रशियन खेळाडूंबद्दल ते तासभर कौतुकाने बोलतील. पण त्यांची आई विपुरीची, म्हणजे आता रशियात असलेल्या शहरातली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाकडे गेलेला कारेलिया प्रांत सोडून चार लाखांवर माणसं फिनलंडमध्ये आली, त्यांतली ती एक. घर, गोठा, चर्चशेजारची कबरस्तानं, सगळं सीमेपलीकडे राहिलं. अशा घरात वाढलेल्या माणसाचा क्लब क्रेमलिनच्या मित्रांना विकताना त्याला कोणी विचारलं? सीझन पास घेऊन वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्या एकाला तरी? कुर्रीसारखा खेळाडू त्या काळात क्लबचा जनरल मॅनेजर होता, हे आजोबांना सगळ्यांत जास्त लागलं. त्याच्याबद्दल ते वाईट बोलत नाहीत. विषय निघाला की कप उचलून स्वयंपाकघरात जातात.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, तर आता २०२२ चं. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी योकेरितने केएचएलचा मोसम सोडला. प्ले-ऑफमध्ये स्पार्ताक मॉस्कोशी गाठ होती, ती खेळलेच नाहीत. लगोलग लातवियाचा दिनामो रीगा क्लबही बाहेर पडला. हार्टवॉल कंपनीने अरेनावरचं आपलं नाव काढलं. मालकांवर निर्बंध, त्यामुळे तेव्हा अरेनाला कुलूप लागलं. ज्या फोटोवर तुम्ही हळहळताय ना, तो २०१३ च्या सौद्याचा फोटो आहे. लीग सोडल्याने ते कुलूप लागलं नव्हतं. उशिरा का होईना, क्लबने त्या दिवशी योग्य तेच केलं. फार उशीर झाला होता, हेही खरंच.

आणि क्लब मातीत गेला म्हणता? २०२३ मध्ये योकेरित मेस्टिसमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, परत खेळायला लागला. त्या शरद ऋतूत माझं दार वाजलं. आजोबा बाहेर उभे, हातात दोन तिकिटं, हेलसिंकीजवळच्या केरावा गावातल्या छोट्या हॉलची. "येतेस का?" एवढंच. तिथे बाकं थंडगार होती, खेळ अरेनातल्या खेळाच्या जवळपासही नव्हता आणि माणसं एकमेकांना नावाने हाका मारत होती. कित्येक वर्षांनी भेटलेली पांढऱ्या केसांची मंडळी गळ्यात पडत होती. आजोबांनी पहिल्या गोलला माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. परतीच्या ट्रेनमध्ये ते सतत बोलत होते, १९७३ पासून सगळं.

म्हणून सांगते, ज्याने तो मजकूर टाकलाय त्याने आधी एकदा आमच्या मजल्यावर यावं. कॉफी मिळेल. आजोबांच्या समोर बसून म्हणून दाखव की क्लबने उगाच लीग सोडली. जमत नसेल तर ग्रुपवरचं ते वाक्य आजच काढून टाक.